लाल गेला, पांढरा कुठंय?

नया नगर असो की जिमखाना, टेबलाचं मीटर चालूच असतं! लाल बॉल पॉकेटात गेला, पण पुढचा रंगीत बॉल मारताच येत नसेल, तर ब्रेक एकावरच संपतो.

यावर उपाय आपल्या मेकॅनिक्समध्येच आहे. पॉकेटपासून लालच्या मध्यातून रेघ मागे ओढा. टक्कर होताना पांढऱ्याचा मध्य त्या रेघेवर, लालच्या मध्यापासून ५२.५ मिलिमीटर मागे, म्हणजे एका बॉलच्या व्यासाइतका, हवा. पांढऱ्याचा मध्य लालच्या कडेवर धरलात, तर लाल ३० अंशांत सुटतो.

दोन्हींचं वजन सारखं. म्हणून पांढरा न गडगडता, नुसता घसरत धडकला, तर लालच्या वाटेशी जवळपास ९० अंशांत निघतो. मध्याच्या खाली मारलात तर मागे वळतो, वर मारलात तर पुढे.

तेव्हा आधी पुढचा बॉल ठरवा, मगच क्यू उचला!