पत्र कोणास, भाषा कोणती?

बेळगावच्या दक्षिणेस, खानापूर रस्त्यालगत, उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील फाउंड्र्यांत व यंत्रशाळांत राबणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले मजगाव, अनगोळ, पिरनवाडी अशा आसपासच्या वस्त्यांत वाढतात. ती आठवी-नववीत आली की वर्गातील निबंधापलीकडचे लेखनही त्यांच्या वाट्यास येते. वडिलांच्या रजेचा अर्ज, भावकीतील लग्नाचे निमंत्रण, गल्लीतील मंडळाचे वर्गणीपत्र, हे सारे घरातल्या शिकत्या मुलाकडून लिहून घेतले जाते. अशा वेळी औपचारिक भाषा कोठे वापरावी आणि घरगुती कोठे, हे त्यांस कसे शिकवावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

सीमाभागात हा प्रश्न अधिक बिकट आहे. कोल्हापूरच्या मुलाच्या दृष्टीस एस. टी.च्या पाट्या, कचेऱ्यांतील सूचना, सरकारी पत्रके मराठीतच पडतात. औपचारिक मराठी त्याच्या कानाडोळ्यांत नकळत मुरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि येथील कचेरीचा व्यवहार मुख्यतः कन्नडमधून होऊ लागला. त्यामुळे येथील विद्यार्थ्यास औपचारिक मराठी भेटते ती पाठ्यपुस्तकात, वृत्तपत्रात आणि लग्नपत्रिकेत. ती त्याच्या अनुभवाची न राहता पाठ करण्याची वस्तू होते.

याचे परिणाम दोन प्रकारे दिसतात. एक विद्यार्थी मुख्याध्यापकांस लिहितो, ‘सर, बाबांना बरं नाही, मी दोन दिवस येत नाही की.’ दुसरा लिहितो, ‘माझ्या परमपूज्य पितृदेवांच्या शारीरिक अस्वास्थ्याप्रीत्यर्थ मजला रजा प्रदान करण्याची कृपा व्हावी.’ पहिल्याच्या वहीत आपण लाल रेघ ओढतो. दुसऱ्यास मात्र चांगले गुण देतो. वस्तुतः दोघांनीही वाचणाऱ्याचा विचार केलेला नाही. ‘वडिलांची प्रकृती ठीक नाही. घरी मदतीस दुसरे कोणी नाही. मला दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.’ एवढे पुरेसे आहे. औपचारिक म्हणजे अवघड नव्हे, ही गोष्ट आधी शिक्षकांनीच मनाशी पक्की केली पाहिजे.

मग औपचारिकता कशात आहे? आमच्या मते ती शब्दांच्या आधी आशयाच्या निवडीत आहे. एक साधा पाठ घेऊन पाहावा. गल्लीत चार दिवस पाणी आलेले नाही, अशी कल्पना करावी. विद्यार्थी निपाणीच्या मावसभावास लिहील, ‘चार दिवस नळाला पाणी नाही बघ. आई विहिरीवर हेलपाटे घालालीय आणि मी तिच्या मागनं कळशी घेऊन पळालोय!’ तीच गोष्ट महानगरपालिकेस कळवावयाची झाल्यास, ‘आमच्या गल्लीत दि. ३ पासून नळास पाणी आलेले नाही. विहीर दूर असल्यामुळे वृद्धांचे विशेष हाल होत आहेत. पाणीपुरवठा लवकर सुरू व्हावा, ही विनंती,’ असे लिहावे लागेल. दोहोंत काय बदलले, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. ‘घालालीय’चे रूप बदलले, हे ती लगेच सांगतील. पण तारीख आली, आईच्या जागी गल्लीतील वृद्ध आले, कळशी गेली आणि मागणी आली, हे कळणे अधिक मोलाचे आहे. तो अर्ज पुढे कोणत्या भाषेत द्यावा लागेल, हा प्रश्न वेगळा. मांडणी मराठीत एकदा जमली की ती कन्नडमध्ये वा इंग्रजीत नेणे सुकर होते.

मात्र या पाठात ‘पळालोय’ला चूक म्हणू नये. ते बेळगावच्या बोलीचे रूप आहे आणि मावसभावाच्या पत्रात ते शोभते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनीही संभाषणात ‘असं केलं’ यांसारखी बोलण्यातील रूपे मान्य केली आणि एरवी ‘असे केले’ लिहावे, असे सांगितले. म्हणजे प्रसंग पाहून रूप निवडावे, हे तत्त्व नियमांतही आहे. घरची भाषाच अशुद्ध, असे एकदा मुलाच्या मनात बसले, तर ते मराठीत मोकळेपणाने लिहिणेच सोडून देते. जेथे मराठीस आधीच थोडे प्रसंग उरले आहेत, तेथे ही हानी लहान नव्हे.

शिवाय औपचारिक व अनौपचारिक असे दोनच कप्पे मानणेही बरोबर नाही. आपल्या जुन्या मायन्यांत केवढ्या पायऱ्या होत्या! आईवडिलांस ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे लिहितानाच लिहिणाऱ्यास आपले आणि वाचणाऱ्याचे नाते ठरवावे लागे. ते मायने आज वापरात आणावेत असे नाही. पण गावी राहणाऱ्या आजोबांस लिहिताना आदर व जवळीक एकत्र नांदू शकतात, हे त्यांवरून मुलांस सहज दाखविता येईल.

तेव्हा प्रत्येक लेखनापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: हे कोण वाचणार? त्याचे माझे नाते काय? वाचून त्याने काय करावे, अशी माझी इच्छा आहे? आणि वही तपासताना शिक्षकांनी समासात ‘चूक’ असे लिहिण्याऐवजी कधी कधी ‘हे कोणास?’ एवढेच लिहावे. उत्तर शोधताना विद्यार्थी योग्य शब्दापर्यंत बहुधा स्वतःच पोहोचतो.