युद्धाची मोजदाद आणि वळिवडे येथील पोलिश छावणी

सम्राट अशोकाने कलिंग युद्धानंतर कोरविलेला तेरावा शिलालेख धम्माच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. दीड लक्ष माणसे तेथून नेली गेली, एक लक्ष मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मृत्युमुखी पडली, अशी मोजदाद त्यात आहे. ह्या लेखाची चर्चा होते ती प्रामुख्याने राजाच्या अनुतापासंबंधी. परंतु त्यातील मोजणीचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. मारल्या गेलेल्यांच्या आधी तेथे नेल्या गेलेल्यांची गणना आहे. शिवाय जे स्वतः सुखरूप राहिले, त्यांचे मित्र, सोबती आणि आप्त संकटात सापडले तर तोही त्यांच्यावरील आघातच होय, असे हा लेख सांगतो. घरादारातून उखडली गेलेली माणसे आणि आप्तांसाठी दुरून झुरणारी माणसे, ह्या दोहोंना युद्धाच्या हिशेबात धरणारे राजलेख विरळाच. ह्या दृष्टीने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीकडे पाहावयाचे, तर आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या पूर्वेस काही किलोमीटरांवर असलेले वळिवडे त्यासाठी पुरेसे आहे.

मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील ह्या गावाजवळ इ.स. १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ही माणसे कोल्हापुरास कशी पोहोचली, हे समजून घेतले पाहिजे.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील कुटुंबांना फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार लाटांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे धाडण्यात आले. सोव्हिएत दफ्तरांतील आकड्यांनुसार ही संख्या सव्वातीन लक्षांच्या आसपास भरते. जुने पोलिश अंदाज याहून पुष्कळच मोठे आहेत. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार यांत करार झाला. हद्दपार पोलिशांची सुटका झाली व जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांची सेना उभी राहू लागली. ह्या सेनेबरोबर १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात एक लक्षाहून अधिक माणसे उतरली. त्यांपैकी नागरिक सदतीस हजारांच्या घरात होते. सुटका झाली, परंतु उपासमार, टायफस आणि हगवण बोटींतून बरोबरच आली. तेहरानमधील दुलाब दफनभूमीत पोलिशांची एकोणीसशेच्या आसपास थडगी आहेत. मुक्त झाल्यानंतर मेलेली ही माणसे कोणत्याही रणांगणाच्या यादीत नाहीत.

त्याच वर्षी आपल्या पूर्व सीमेवरही असेच स्थलांतर चालू होते. जपानी फौजांपुढे ब्रह्मदेशातून लाखो भारतीय निघाले. ऐपतदार बोटीने वा विमानाने आले. मजूर, हमाल, सफाई कामगार यांच्यापैकी असंख्य लोक आसाम व मणिपूरच्या डोंगरवाटांनी पायी निघाले आणि हजारो वाटेतच संपले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

इराणमधून पोलिश निर्वासितांना निरनिराळ्या देशांत पाठविण्यात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांची छावणी झाली व मोठी छावणी वळिवड्यास. तिचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोसत असे. कौलारू छपरांच्या बराकींत शाळा, रुग्णालय, चर्च, अनाथालय आणि नाट्यगृह उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्यास हे एक नांदते गावच वाटावे. तथापि त्या गावात कर्ते पुरुष थोडे होते. त्यांच्यापैकी बरेच अँडर्स यांच्या सेनेबरोबर इटलीत लढत होते आणि वळिवड्यातील घरे पत्रांची वाट पाहत होती.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांच्या नेत्यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाकडे ठेवण्याचे ठरविले. अँडर्स यांच्या सैनिकांपैकी मोठा भाग त्याच प्रदेशातला होता. ज्या घरांसाठी ते लढत होते, ती घरे युद्ध जिंकण्यापूर्वीच गेली. तरीही ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर अखेरची चढाई सुरू झाली, तेव्हा पोलिश सैनिक तिच्यात होते. त्याच दिवशी, त्याच नदीवर मराठा पलटणीचे जवानही होते. नगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव यांनी तेथे दोन जखमी सोबत्यांना उचलून सुरक्षित आणले व मग एकट्याने शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर तेवीस दिवसांनी, २ मे रोजी, इटलीतील जर्मन फौजांनी शस्त्रे ठेवली. ह्या शेवटच्या दिवसांत पडलेल्या जवानांच्या घरी, मग ते घर सह्याद्रीच्या कुशीतले असो वा वळिवड्याच्या बराकीतले, विजयाच्या वार्तेबरोबरच मृत्यूची वार्ता आली.

८ मे १९४५ रोजी युरोपातील युद्ध संपले. वळिवड्याच्या छावणीपुढे मात्र त्या दिवसापासून एक नवाच प्रश्न उभा राहिला : परतावयाचे कोठे? जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या आधारावर छावणी चालली होती, तेच नाहीसे झाले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेने भार उचलला. काहीजण पोलंडला परतले. इतर अनेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

ती फार काळ रिकामी राहिली नाही. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्याच बराकींत आली. आज दक्षिण महाराष्ट्रात कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका जागेवर पाच वर्षांच्या आत दोन देशांचे बेघर लोक राहून गेले. त्यांतील एकांना युद्धाने आणले, दुसऱ्यांना स्वातंत्र्याबरोबर आलेल्या फाळणीने.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत छावणीतील मृतांची थडगी आहेत. महावीर उद्यानात १९९८ पासून स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत बालपण गेलेले वृद्ध स्त्रीपुरुष येथे येऊन गेले. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. हे सर्व उचितच आहे. मात्र अशा प्रसंगी आपल्या औदार्याचे गोडवे गाऊन थांबण्याचा मोह होतो. तसे केल्यास पाहुणे लक्षात राहतात आणि त्यांना पाहुणे करणारे युद्ध विसरले जाते. ब्रह्मदेशाच्या वाटेवर मेलेल्या मजुरांसाठी तर स्तंभही नाही. स्मरणातही उतरंड असते, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून उद्भवलेल्या युद्धाला त्याने केलेल्या विरोधात सांगितले आहे. युद्धात सामील होण्याऐवजी त्याने स्वतः देशत्याग पत्करला. युद्ध करणारे आपल्या निर्णयाने इतरांना देशोधडीला लावतात. युद्ध नाकारणाऱ्या सिद्धार्थाने ते दुःख आपणाकडे घेतले. युद्धाचा निर्णय करणारे आणि त्याची किंमत मोजणारे कोण, हा प्रश्न त्यामुळे आपल्या परंपरेत मुळापासूनच आहे.

म्हणून युद्धाचे स्मरण करताना शेवटची तारीख विजयाची न धरता, शेवटचा निर्वासित कोठेतरी घरी पोहोचला त्या दिवसाची धरावी, असे आम्हांस वाटते. वळिवड्याच्या बाबतीत ती तारीख १९४५ ची नव्हे. कित्येकांच्या बाबतीत ती कधी आलीच नाही. जगात आजही निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहत आहेत. त्यांतील माणसांची गणना मृतांबरोबरच करणे, ही अशोकाने दगडावर घालून दिलेली रीत आपण पाळली पाहिजे.