दुखावलेला गुडघा आणि मेंदूची तालीम
कबड्डी खेळताना आपला गुडघा दुखावला आहे काय? मग सूज ओसरल्यावरही मांडीत जोर का येत नाही, असा प्रश्न आपणांस पडला असेल. दोष केवळ स्नायूचा नव्हे. दुखऱ्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्थाच त्या स्नायूला आवरून धरते. म्हणून मेंदूलाही तालीम हवी. १९९२ साली अमेरिकेत ग्वांग यू व केली कोल यांनी काही निरोगी माणसांना करंगळी बाजूस रेटण्याची नुसती कल्पना चार आठवडे करावयास लावली. स्नायू न वापरताच तिचे बळ सरासरी २२ टक्क्यांनी वाढले! प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचे मात्र ३० टक्क्यांनी. तेव्हा फिजिओथेरपिस्टला रजा देऊ नका. त्यांनी सांगितलेला व्यायाम करावाच, आणि मधल्या विश्रांतीत डोळे मिटून तीच हालचाल, मांडी ताणल्याची जाणीव व्हावी इतक्या स्पष्टपणे, मनात करावी.