तंबू सोडून ट्रेलर घेण्यापूर्वी

कुटुंबासह मोकळ्या माळावर किंवा नदीकाठी मुक्काम करणाऱ्यांसाठी मोटारीमागे जोडता येणारा कॅम्पर ट्रेलर हा तंबूला एक पर्याय आहे. मात्र हा बदल केवळ सोयीचा नसून वजन, कायदा आणि सुरक्षितता यांच्याशी निगडित आहे.

कोलकात्यातील डमडमचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३४ डमडमपासून दालखोल्यापर्यंत जात असे. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो महामार्ग क्रमांक १२ चा भाग झाला. बारासात, कृष्णनगर, बहरमपूर आणि फराक्का या मार्गाने उत्तर बंगालकडे जाताना बहुतांश प्रदेश सपाट आहे. डुआर्सच्या पायथ्याशी मात्र गोट्यांनी भरलेली नदीपात्रे आणि कच्चे रस्ते लागतात. शिवाय मार्च ते मे या काळात ‘कालबैशाखी’ची वादळे अचानक येतात. अशा वेळी तंबूच्या खुंट्या उखडतात, जमिनीवरील अंथरूण भिजते आणि लहान मुले व वृद्ध यांचे हाल होतात. ट्रेलरमध्ये झोपण्याची जागा जमिनीपासून उंच असते, हा त्याचा मुख्य लाभ होय.

खडबडीत रस्त्यांसाठीच्या ट्रेलरची चौकट मजबूत असते, तळ जमिनीपासून उंच असतो आणि त्याची जोडणी सर्व दिशांना वळू शकते. या जोडणीमागील तत्त्व जुनेच आहे. डमडम येथे १७८३ पासून बंगाल तोफखान्याची छावणी होती. घोड्यांनी ओढावयाच्या तोफा पुढील दुचाकी गाड्याला आकडा व कडीनेच जोडल्या जात. त्यामुळे खाचखळग्यांत दोन्ही गाडे स्वतंत्रपणे कलू शकत.

वजनाची विभागणी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार जोडणीच्या टोकावर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. १,००० किलोच्या ट्रेलरसाठी तो सुमारे १०० किलो होतो. भार मागील बाजूस अधिक झाल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि मोटारीवरील ताबा सुटू शकतो. ८० लिटर पाणी भरले की ८० किलो वजन वाढते. त्यामुळे टाकी चाकांच्या आसाजवळ असणे हितावह असते. मोटारीची निर्मात्याने ठरविलेली ओढक्षमता ओलांडू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे. त्यामुळे त्याची नोंदणी व विमा आवश्यक ठरतो. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. घराजवळच्या कारखान्यात ट्रेलर बनवून घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे म्हणूनच श्रेयस्कर. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये.

बंद जागेत शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग वा गंध नसल्याने झोपेतच जीव जाऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. यास्तव ट्रेलरच्या तळालगत हवेसाठी झरोके ठेवावेत आणि स्वयंपाक बाहेरच करावा.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्नही उरतोच. जलदापारा, गोरुमारा यांसारख्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणे जाहीर केली. त्यांत वाहनांबरोबरच पाणी, वीज व स्वच्छता असलेल्या थांब्यांचाही विचार आहे.

वर्षातून एखादाच मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला चांगला तंबू आणि योग्य ऋतूची निवड पुरेशी ठरते. वारंवार आणि दूरवर जाणाऱ्यांनी ट्रेलर जरूर घ्यावा. तथापि पहिला प्रवास जवळचा व सपाट रस्त्याचा ठेवावा आणि ट्रेलरसह मोटार मागे घेण्याचा सराव मोकळ्या मैदानात आधीच करावा.