लष्कर घेते, म्हणून गाडी मजबूत?

घरात नवी गाडी घ्यायची चर्चा निघाली की कोणी ना कोणी हमखास म्हणतो, "अब्बा, हीच घेऊ. मिलिटरीवाले हीच वापरतात!" शोरूममधला विक्रेताही याच वाक्याने गिऱ्हाइकाला पटवतो. लष्कर घेते म्हणजे दणकट असणार, असा आपला साधा हिशेब असतो. पण शोरूमच्या दारात चकाकत उभी असलेली आजची गाडी उद्या सरहद्दीवर नेली, तर ती जवानाच्या कामी येईल का?

जीपवरची लढाई

सप्टेंबर १९६५. पंजाबातील खेमकरण भागात, असल उत्तर गावाजवळच्या उसाच्या शेतांत ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद एका उघड्या जीपवर होते. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवलेली होती. समोर पॅटन रणगाडे. या तोफेचा बार उडाला की मागे ज्वाळा आणि धूळ उठते व तोफेची जागा शत्रूला कळते. म्हणून रणगाडा जवळ येऊ द्यायचा, गोळा डागायचा आणि क्षणात जीप दुसरीकडे न्यायची, हाच एक मार्ग होता. अशा रीतीने त्यांनी एकामागून एक रणगाडे निकामी केले. अखेर रणगाड्याच्याच गोळ्याने ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

त्या जीपचे गुण आणि उणिवा दोन्ही या प्रसंगात दिसतात. ती हलकी होती, चटकन वळत होती, शेतातूनही धावत होती. पण आत बसलेल्या माणसाला वाचवील असे तिच्यात काहीच नव्हते.

एकच गाडी, दोन दारे

जीप दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झाली आणि युद्ध संपल्यावर शेतात, जंगलात, सरकारी कचेऱ्यांत पोहोचली. आपल्याकडे ती आणण्यात महिंद्र बंधूंचा वाटा मोठा. १९४५ साली त्यांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्या भागीदारीत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. मुंबईत जुळवलेली जीप गावच्या पाटलाच्या दारातही उभी राहिली आणि पलटणीच्या छावणीतही. दोन्ही गाड्यांत फरक रंगापुरताच.

१९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. ही मुळात नागरी बाजारातली गाडी, पण लष्कराने ती आपलीशी केली आणि हजारोंच्या संख्येने घेतली. कारण सोपे होते. गाडीचे वजन सुमारे एक टन. अरुंद डोंगरी वाटेवर ती वळवता येई, खड्ड्यात अडकली तर चार-सहा जवान धक्का देऊन बाहेर काढत. इंजिन पेट्रोलचे, त्यामुळे थंडीतही लवकर चालू होई. बिघाड झाला तर पाने, पक्कड आणि थोडी अक्कल एवढ्यावर मेकॅनिक ती रस्त्यावर आणत असे.

वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

मग असे काय बदलले? खरे सांगायचे तर बदललो आपण. आपल्याला गाडीत थंडगार हवा हवी, पडदा हवा, आवाज कमी हवा, मुलांसाठी एअरबॅग हवी. यातले बरेचसे योग्यच आहे. अपघातात जीव वाचावेत आणि धूर कमी व्हावा म्हणून सरकारनेही नियम कडक केले. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाला. एअरबॅग आणि एबीएसच्या नव्या अटींत जिप्सी बसली नाही. २०१९ मध्ये तिची नागरी विक्री थांबली, तरी लष्करासाठी ती त्यानंतरही बनवावी लागली.

धूर कमी करणाऱ्या या व्यवस्थेची लष्कराला एक वेगळीच अडचण होते. आजच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून वेगाने, चांगली तापून धावावी लागते. हमरस्त्यावर ते आपोआप घडते. पण पहाडात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी किंवा इंजिन चालू ठेवून तासन् तास उभी राहणारी गाडी ही जाळी तुंबवून बसते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनाची ताकद घटते आणि दुरुस्तीला संगणक लागतो. शहरात आपण कंपनीच्या वर्कशॉपला फोन करतो. चौदा हजार फुटांवरच्या चौकीतला जवान कोणाला फोन करणार?

सफारीचे उदाहरण तर बोलके आहे. लष्कराने जिप्सीच्या जागी नवी गाडी शोधली तेव्हा अटी ठेवल्या : ८०० किलो भार, पक्के छप्पर, वातानुकूलन आणि फोर-व्हील ड्राइव्ह. दीर्घ चाचण्यांनंतर २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मला ३,१९२ गाड्यांचे कंत्राट मिळाले. शिडीसारख्या मजबूत चासीवर उभी असलेली ही गाडी. दोन वर्षांत तिची नागरी विक्री बंद झाली. २०२१ मध्ये 'सफारी' हे नाव परत आले, पण गाडी पूर्ण वेगळी होती : शिडीची चासी गेली आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला जायला ती उत्तम. पण नाव तेच म्हणून ती लष्कराच्या अटींत बसेल असे नाही.

२०२३ मध्ये महिंद्रला दोन टप्प्यांत तीन हजारांहून अधिक गाड्यांची मागणी मिळाली. लष्कराने निवडली ती नवी स्कॉर्पिओ-एन नव्हे, तर जुन्या घडणीची 'क्लासिक'. यातच बरेच काही आले.

जगाचा अनुभव

ही अडचण आपलीच नाही. जर्मनीची मर्सिडीज जी-वॅगन १९७९ मध्ये आली ती सैन्याला आणि नागरिकांना दोघांनाही चालेल अशी. १९९० मध्ये कंपनीला तिचे दोन भाग करावे लागले : श्रीमंतांसाठी आलिशान आणि सैन्यासाठी साधी.

उलट बाजूही आहे. १९८७ मध्ये आफ्रिकेतील चाड देशाच्या सैनिकांनी टोयोटाच्या पिकअप गाड्यांवर क्षेपणास्त्रे बसवून वाळवंटात लिबियाचे रणगाडे उद्ध्वस्त केले. त्या संघर्षाला पुढे 'टोयोटा युद्ध' असेच नाव पडले. तिथेही सूत्र तेच होते : साधी गाडी, वेग आणि जिथल्या तिथे दुरुस्ती.

अमेरिकेने २०२० मध्ये मधला मार्ग काढला. नऊ सैनिकांना नेणारी त्यांची नवी पायदळ गाडी शेवरोले कोलोरॅडो या बाजारातल्या पिकअपवर आधारलेली आहे. सुमारे नव्वद टक्के भाग बाजारातलेच. इंजिन, गिअर, सुटे भाग तयार मिळतात, मात्र वरचा सांगाडा लष्कराच्या गरजेप्रमाणे नव्याने बनवलेला. हेलिकॉप्टरला लटकवून नेता येईल इतकी ती हलकी आहे. चिलखत मात्र तिलाही नाही.

मग उत्तर काय?

नागरी गाडी लष्कराला आजही चालते, पण सगळ्या कामांना नाही आणि जशीच्या तशी नाही. अधिकाऱ्यांची ने-आण, गस्त, रसद, जखमींना मागे आणणे, या कामांना ती स्वस्त आणि सोयीची पडते. सुटे भाग गावोगावी मिळतात, चालवणाऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. पण जिथे सुरुंग आणि गोळीबार यांचा धोका आहे, तिथे चिलखती गाडीच हवी. पैसे वाचवण्यासाठी तिथे पत्र्याची गाडी पाठवणे म्हणजे हिशेब जवानाच्या जिवावर टाकणे होय.

आणखी एक नवी काळजी आहे. आजच्या गाडीत कॅमेरे असतात, सिमकार्ड असते, ती कुठे उभी आहे हे कंपनीच्या संगणकाला कळते. २०२१ मध्ये चीनने आपल्या लष्करी आवारांत टेस्लाच्या गाड्यांना मज्जाव केल्याच्या बातम्या आल्या त्या याच भीतीपोटी. जी सोय आपल्याला चोरीला गेलेली गाडी शोधून देते, तीच शत्रूला तुकडीचा ठावठिकाणा देऊ शकते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "मिलिटरी हीच घेते," तर दोन प्रश्न जरूर विचारा. कोणते मॉडेल घेते? आणि कशासाठी घेते? लष्कराने घेतलेली आणि आपल्याला विकली जाणारी गाडी बहुधा नावापुरती बहिणी-बहिणी असतात. आपल्या घराला सुरक्षित, कमी धुराची, परवडणारी गाडी हवी आणि ती तशीच घ्यावी. जवानाची गाडी मात्र जाहिरातीवरून नव्हे, तर तो तिच्यातून सुखरूप घरी परतेल का यावरूनच निवडली पाहिजे.