पॅटिसच्या पोटातली वाफ

बेकरीतून आणलेलं गरम पॅटिस हातात आलं, की लगेच तोंडात टाकू नका. आधी त्याची कडा डोळ्यांजवळ न्या. वर सोनेरी, खाली सोनेरी आणि मध्ये नुसते पापुद्रेच पापुद्रे! नखाने एक उचला, खाली दुसरा. तो उचला, खाली तिसरा. खारीचंही तसंच.

आता सांगा, हे फुगतं कशाने? पाव फुगतो यीस्टमुळे. केक फुगतो बेकिंग पावडरमुळे. खमण फुगतं सोड्यामुळे. पॅटिसच्या पारीत यातलं काही म्हणजे काहीच नसतं. मैदा, पाणी, मीठ आणि बटर, संपली यादी. तरी ५ मिलिमीटर जाडीची पारी भट्टीत जाते आणि ३-४ सेंटिमीटर उंच होऊन बाहेर येते!

ही करामत पाण्याची. पाणी उकळून त्याची वाफ झाली, की तिला प्रचंड जागा लागते. १ ग्रॅम पाणी म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाचवा भाग. त्याची वाफ मात्र साधारण १७०० मिलिलिटर जागा मागते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथड उडतं ना, तसाच धक्का ही वाफ पॅटिसमधल्या प्रत्येक थराला खालून देत असते.

हे पाणी येतं कुठून? मैदा भिजवताना घातलेलं तर असतंच, पण बटरमध्येही असतं. विकतच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे २०० ग्रॅम बटरमध्ये ३० ग्रॅमहून जास्त पाणी लपलेलं! त्या सगळ्याची वाफ गोळा करता आली असती, तर ती ५० लिटरांच्या वर भरली असती. पॅटिसमध्ये ती सगळी काही अडकत नाही, बरीचशी निसटते. पण निसटण्याआधी थर उचलून जाते.

मग प्रश्न असा, की पोळीतही पाणी असतं, ती का अशी शंभर पापुद्र्यांची होत नाही? कारण पोळीत मध्ये-मध्ये अडसर नसतात. पॅटिसमध्ये मैद्याचा थर, बटरचा थर, पुन्हा मैद्याचा, पुन्हा बटरचा, अशी रचना असते. बटर दोन थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. वाफेला शिरायला फट मिळते आणि ती फट ती रुंद करत जाते.

इतके थर कोण एकावर एक ठेवत बसणार? कोणीच नाही. ते घड्यांनी होतात. थंड पाण्यात भिजवलेल्या मैद्याची चौकोनी पोळी लाटायची, मधोमध बटरची चपटी वडी ठेवायची आणि चारही कोपरे आत दुमडून ती झाकायची. झाला बटरचा १ थर. आता हे लांबट लाटायचं आणि तीन पदरी घडी घालायची. बटरचे थर झाले ३. फिरवून पुन्हा लाटा, पुन्हा घडी घाला, झाले ९. तिसऱ्या घडीला २७, चौथीला ८१. फ्रेंच पद्धतीत सहा घड्या घालतात. सहाव्या घडीला किती थर होतील ते तुम्हीच काढा. (७२९ आलं असेल तर बरोबर!) घरी पार्टीसाठी पॅटिस करणार असाल, तर चार घड्या भरपूर झाल्या. ८१ थर बटरचे, त्यांच्या आतबाहेर ८२ थर मैद्याचे, आणि हे सगळं ५ मिलिमीटरमध्ये! एकेक थर आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ होतो. हातात लाटणं आणि डोक्यात तीनचा पाढा, एवढ्यावर हे जमतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यात खरा कस लागतो तो थंडाव्याचा. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळून जातं. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर लाटता लाटताच त्याचं पाणी होईल, मैदा ते पिऊन टाकेल आणि थर गायब! उलट फ्रीजमधून काढून लगेच लाटलं, तर कडक बटरचे तुकडे पडतात आणि पारी फाटते. बटरची वडी वाकवली तर मोडू नये आणि दाबली तर बोट रुतू नये, अशी हवी. म्हणून दोन घड्या झाल्या, की अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं, मग पुढच्या दोन. त्या अर्ध्या तासात मैद्यालाही विश्रांती मिळते. मैद्यात पाणी पडलं, की त्यातल्या प्रथिनांची रबरासारखी ताणणारी जाळी बनते. तिला ग्लुटेन म्हणतात. ती ताठलेली असताना कितीही लाटा, पारी परत आखडते. थोडा वेळ दिला, की ती सैलावते. पुढे भट्टीत ही जाळीच वाफेला अडवून धरते, त्यामुळे तिच्यावर रागावू नका.

अनेक बेकऱ्या खारी आणि पॅटिससाठी बटरऐवजी मार्जरीन वापरतात. ते लवकर वितळत नाही, त्यामुळे उकाड्यातही थर टिकतात. मार्जरीन १८६९ मध्ये फ्रान्समध्ये इपोलित मेज-मुरिए यांनी शोधलं. तिथल्या सम्राटाला, तिसऱ्या नेपोलियनला, लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता.

आणि आपल्या आज्या काय करत होत्या? चिरोटे! तांदळाच्या पिठीत किंवा कॉर्नफ्लोअरमध्ये तूप फेसून साटा करायचा, पोळ्यांना तो लावून त्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, कापायची, हलकेच लाटायची. तांदळात ग्लुटेन नसतं, म्हणून पिठी चिकट जाळी धरत नाही, आणि तुपाला धरून ठेवते ते वेगळंच. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. तरीही चिरोटा फुलतो, कारण भिजवलेल्या पिठात पाणी असतं. दिवाळीत चिरोटे तळताना कढईत डोकावा (जरा लांबूनच). चिरोटा टाकताच त्याच्याभोवती बुडबुड्यांची झुंबड उडते. ते बुडबुडे म्हणजे पिठातून बाहेर पडणारी वाफ. झाऱ्याने वरून गरम तूप सोडत राहिलं, की एकेक पदर सुटा होताना दिसतो.

आता पार्टीचं बघू. लाटायचं काम तुमचं, ओव्हनचं काम घरातल्या मोठ्यांचं. २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर, सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास गार पाणी आणि चिमूटभर मीठ. बटर खारं असेल तर मीठ घालूच नका. चार घड्या झाल्या, की पारी लाटून ७ सेंटिमीटरचे चौकोन कापा. सुरी धारदार हवी. बोथट सुरी कडा दाबते, थर तिथेच चिकटतात आणि वाफेचा रस्ता बंद होतो.

सारण म्हणून उकडलेला बटाटा, मटार, कांदा, मिरची, आलं-लसूण, गरम मसाला. ते चांगलं कोरडं परता आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम सारण घातलंत, तर बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळेल. ओलं घातलंत, तर तळ गिच्च राहील. चौकोनाची तिरकी घडी घालून त्रिकोण करा, कडा काट्याने दाबा आणि वरून दूध लावा. फक्त वरून! कापलेल्या कडांवरून दूध ओघळलं, तर थर तिथे चिकटतात आणि पॅटिस एका बाजूला कलतं. उरलेल्या पट्ट्यांवर किसलेलं चीज आणि ओवा भुरभुरा, पीळ द्या. लहान मुलांना या काड्या पॅटिसपेक्षा जास्त आवडतात.

ओव्हन २०० अंशांवर आधीच तापलेला हवा. त्रिकोणांना २० ते २५ मिनिटं लागतात, काड्यांना थोडी कमी. ओव्हनच्या काचेतून नक्की बघा. सुरुवातीला काहीच घडत नाही, नुसतं बटर चकाकतं. मग कडा हलतात, थरांच्या आडव्या रेषा रुंदावतात आणि बघता बघता त्रिकोण वर चढतो. रंग सगळ्यात शेवटी येतो. फुगलं म्हणून लगेच बाहेर काढायचं नाही. आतला मैदा शिजून कडक झालेला नसेल, तर बाहेरच्या हवेत वाफेचं परत पाणी होतं आणि डोलारा बसतो. काढल्यावर जाळीवर ठेवा, म्हणजे खालची वाफ निसटून जाईल.

एक प्रयोग मात्र त्याच दिवशी करा. पारीच्या उरलेल्या कडांचे दोन सारखे भाग घ्या. एक भाग थर न मोडता तसाच ठेवा. दुसरा कचकचून मळा, गोळा करा आणि तेवढाच जाड लाटा. दोन्ही त्याच ट्रेमध्ये भाजा. मैदा तोच, बटर तेच, पाणी तेच. पहिला तुकडा फुलेल. दुसरा शंकरपाळ्यासारखा बसका, खुसखुशीत होईल. दोन्ही मधोमध कापा, भिंग घ्या आणि फुललेल्यातले थर मोजायला बसा. ८१ बहुधा भरणार नाहीत, कारण काही थर भाजताना एकमेकांना चिकटलेले असतात. तुमचे किती भरले?