घरीच म्हातारपण काढणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात 65 ओलांडलेल्या निराधारांना ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने’तून दरमहा 1,500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे, नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला 1,750! मोलमजुरी करणारा मुलगा घरात असला, तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि खऱ्या गरजू आजीचे नाव गळते. ही अट बदलायलाच हवी.

2024मध्ये आलेल्या ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त उत्पन्नमर्यादा 2 लाख आहे. त्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात जमा होतात. रक्कम छोटी, पण रात्री न्हाणीघरापर्यंत आधाराविना जाणाऱ्याला वॉकरचे मोल विचारा. पडून खुब्याचे हाड मोडले की घरातले स्वावलंबी जगणे बहुधा तिथेच थांबते.

सत्तरीनंतर आयुष्मान भारतमधून उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी येऊन अंघोळ घालणारे, औषध देणारे माणूस यांपैकी कुठलीच योजना पुरवत नाही. ते काम अजून सुना-लेकीच करतात, बिनपगारी. अडचणीत सल्ल्यासाठी 14567 हा मोफत क्रमांक आहे. तो घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.